बाबीकाकांची कॉफी रंगाची गाडी

बाबीकाका ब्रशला फाशी द्यायचे. ओल्या रंगात ज्या ब्रशने केस सोडला, त्याच्या मानेला दोरा बांधून ते त्याला गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या तारेला लटकवत. एका वेळी तीन-चार ब्रश तरी तिथे डोलत असायचेच. नवीन कोणी विचारलं, "काका, हे काय?" की ते मान वर न करता म्हणायचे, "कैदी." मग थोड्या वेळाने, "त्यांका खाली उतरवूचा नाय. बाकीच्या ब्रशांनी बघूक व्हया."

लालबागच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या खोल्यांना एकच भिंत होती. काका शिवडीच्या एका गोदामात स्टोअरकीपर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आयुष्यभराचा छंद पूर्णवेळ हाती घेतला. छोट्या गाड्या बनवायच्या आणि रंगवायच्या. ट्रक, बस, जीप, आगीचा बंब, रोडरोलर. दादरच्या एका दुकानातून सुट्या भागांचे खोके आणायचे, ते जोडायचे आणि सुमनकाकींच्या शिलाई मशीनच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून रंगवायचे. जोडकामात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. रंगकामात मात्र त्यांचं नशीब फुटकं होतं. रंग आपल्याशी वैर धरून आहे असं त्यांचं ठाम मत होतं, आणि वैर ही गोष्ट काकांनी कधी एकतर्फी ठेवली नाही.

एकदा बंबाच्या कडेची पांढरी पट्टी रंगवून झाल्यावर त्यांनी चिकटपट्टी ओढली, तर तिच्याबरोबर खालचा लाल रंगही सोलून आला. काकांनी ती चिकटपट्टी कात्रीने बारीक बारीक कापली, बशीत घेतली आणि गॅलरीत उभं राहून तिला काडी लावली. त्याच बंबाच्या टपावर नंतर एक मुंगी ओल्या रंगात रुतली. मी म्हटलं, "चिमट्याने काढा ना." तर म्हणाले, "कित्याक? इली ता आपल्या पायानी. आता जन्मठेप." तो बंब अजून त्या मुंगीसकट आहे.

माझ्यावरही त्यांनी सूड घेतला. एका रविवारी मी दार उघडं टाकून बांगडे तळत होते आणि पलीकडे काका एका निळ्या ट्रकला शेवटचा हात देत होते. माझ्या तेलाचा धूर त्यांच्या ट्रकवर बसला आणि रंगाला जागोजागी फोड आल्यासारखे खड्डे पडले, असा त्यांचा आरोप होता. ते भांडले नाहीत. दोन दिवसांनी मी काकींना दिलेली आमटीची वाटी त्यांनी स्वतः आणून दिली. रिकामी. धुऊन पुसून, कोरडी ठणठणीत. आमच्याकडे शेजारणीची वाटी कधी रिकामी परत जात नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. मी ती वाटी हातात धरून उभीच राहिले. मागून काकी धावत आल्या, वाटीत गुळाचा खडा टाकला आणि म्हणाल्या, "त्यांच्याकडे लक्ष देऊ नको गो. ह्या माणसाक थिनरात बुडवून ठेवूक व्हयो." बांगडे मी आजही दार उघडं टाकूनच तळते.

काका काकींचंच ऐकायचे. त्यांचा चेहरा तापला की काकी आतून नुसतं "अहो" म्हणायच्या आणि काका खुर्चीत बसायचे. काकांच्या बोलण्याची एक खूण होती, ती आम्हां शेजाऱ्यांना पाठ झाली होती. एरवी ते मुंबईची मराठी बोलत. राग आला किंवा जीव कशात गुंतला की मालवणी सुरू व्हायची. आणि फार म्हणजे फारच राग आला, की एकदम शाळेतल्या बाईंसारखी शुद्ध मराठी. ती मी फार वेळा ऐकली नाही.

काकी गेल्या त्या दुपारी मी ऑफिसात होते. त्यांच्या छातीत दुखायला लागलं, काकांनी फोन केला, अँब्युलन्स वेळेत आली. पण चाळीच्या लोखंडी गेटला आडवी एक गाडी उभी होती. कॉफीच्या रंगाची मोठी गाडी, हँडब्रेक ओढलेला, आत कोणी नाही. अँब्युलन्सची माणसं फटीतून अंग चोरून आत आली, स्ट्रेचर बाहेरच राहिलं. काकींना खुर्चीवर बसवून दोन मजले खाली आणलं, तर खुर्चीही त्या फटीतून जाईना. गाडीच्या मालकाला फोन लावले, त्याने उचलले नाहीत. शेवटी काकींना चादरीत घालून त्या गाडीच्या बॉनेटवरून पलीकडच्या माणसांच्या हातात दिलं. एका बाजूने चादर धरायला काका होते. त्यांचा तळहात त्या बॉनेटवर टेकला होता. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

काका परत आले तेव्हा गाडी तिथे नव्हती.

ती विलास दळवीची होती. विलास म्हणजे आमच्या चाळकमिटीचा सेक्रेटरी, पहिल्या मजल्यावर राहणारा. चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी त्याच्या हातात होती, कोणाला किती जागा मिळणार हे त्याच्या शब्दावर ठरणार असं सगळे धरून चालले होते. विलास म्हणाला, माझी गाडी त्या दिवशी गॅरेजात होती. गेटवरचा कॅमेरा नेमका बंद होता. ज्यांनी चादर धरली होती त्यांनाही अचानक नीट आठवेनासं झालं. कोणी म्हणालं बाहेरच्या माणसाची गाडी होती, कोणी म्हणालं कुरियरची व्हॅन. तेराव्याला माझ्या समोर एक गृहस्थ लाडू खात म्हणाले, "गर्दीत रंग कोण बघतो?" मला त्यांच्या ताटात पाणी ओतावंसं वाटलं. मी ओतलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

पोलिसांत जाऊन काही झालं नाही. काकांनी तिथे फार डोकंही घातलं नाही. काही महिन्यांनी त्यांनी मला बोलावलं आणि टेबलावर ठेवलेली एक खेळण्यातली गाडी दाखवली. तिचा मूळचा रंग खरवडून काढला होता. म्हणाले, "औंदा गणपतीच्या आरासीत आपली गल्ली करतंय. गेट, अँब्युलन्स, आणि ही."

मला आधी कळेना. मग कळलं. आमच्या चाळीत गणपतीला प्रत्येक जण प्रत्येकाच्या घरी जातो. भांडण असो, अबोला असो, दर्शनाला जायचंच. त्यात सेक्रेटरी कोणाकडे गेला नाही, तर पाचव्या मिनिटाला चाळभर चर्चा. काका म्हणाले, "कोर्टाक समन्स लागता. गणपतीक लागना नाय."

"मग नंबरप्लेटवर नंबर टाका त्याचा," मी म्हटलं.

"नंबर घालून आरोप कोण पण करता, शैले. मगे तो म्हणतलो, म्हाताऱ्याक येड लागला. माका कायएक बोलूचा नाय. गाडी बघून त्याच्या तोंडातून येवक व्हया."

म्हणून सगळी भिस्त रंगावर आली. रंग हुबेहूब हवा. आणि रंग म्हणजे काकांचा जन्माचा दुश्मन.

पहिल्या वर्षी त्यांनी काम नागपंचमीनंतर हाती घेतलं. आमच्याकडे मखराला त्याआधी कोणी हात लावत नाही, तसा कुठे नियम लिहिलेला नाही, पण लावत नाही. म्हणजे रंगवायचं ते ऐन श्रावणात, जेव्हा आमच्या खोल्यांतलं मीठसुद्धा ओलं होतं. काकांनी कॉफी रंगाचा स्प्रे मारला. दमट हवेत तो वाळता वाळता पांढुरका पडला. पुन्हा खरवडून पुन्हा मारला, पुन्हा तेच. चतुर्थीच्या दिवशी आरासीत जी गाडी उभी होती तिचा रंग कटिंग चहाचा होता.

विलास आला. पेढे ठेवले, हात जोडले, मग वाकून गल्ली बघितली. मी त्याच्या शेजारीच उभी होते. एक क्षण त्याचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. मग तो हसला. "काका, काय काम केलंय! एकदम आपलं गेट! पण ही गाडी कुठली पकडून आणलीत? असल्या चहाच्या कलरची गाडी आपल्याकडे कोणाचीच नाय." खोलीतले सगळे सुटल्यासारखे हसले. काकांनी त्याला प्रसाद दिला. विसर्जन झालं त्याच संध्याकाळी गाडी थिनरच्या डब्यात गेली आणि स्प्रेचा डबा खिळ्याने भोसकला गेला.

दुसऱ्या वर्षी काकांनी नेलपॉलिशचा मार्ग काढला. लालबागच्या बाजारात बांगड्यांच्या दुकानात जाऊन त्यांनी तपकिरी रंगाच्या जेवढ्या बाटल्या होत्या तेवढ्या मागितल्या. दुकानदारीण म्हणाली, "आजोबा, नात कितवीला आहे?" काका म्हणाले, "नात नाय. सूड घ्यायचा आहे." तिने मुकाट्याने बाटल्या काढून दिल्या.

त्यांनी दहाही बोटांच्या नखांना दहा वेगवेगळे रंग लावले. पावसाने उघडीप दिल्यावर भर उन्हात, विलासची गाडी गल्लीत उभी असताना, ते तिच्याजवळ जाऊन बॉनेटवर एकेक बोट टेकवून बघत. चाळीतली माणसं गॅलरीतून बघत होती. विलासच्या बायकोने खिडकी लावून घेतली. त्याच नखांनी काका त्या दिवशी बँकेत गेले, भाजी घेतली आणि एका जुन्या सहकाऱ्याच्या शोकसभेलाही जाऊन आले. मी म्हटलं, "काका, पुसा तरी." तर म्हणाले, "उजव्या हाताचा तिसरा बोट बरोबर आसा. सुकल्यावर कसा दिसता ता बघूक नको?"

रंग खरंच बरोबर होता. पण खाली त्यांनी तेलाचा रंग दिला होता आणि तो अजून आतून ओला होता. वरून नेलपॉलिशचा हात पडल्यावर खालचा थर उकलला आणि चतुर्थीच्या सकाळी बॉनेटवर सुरकुत्या आल्या. भाजताना पापड वळतो तशी ती गाडी दिसत होती. बाहेर मूर्ती घेऊन माणसं जिन्यात आली होती, ढोलकी वाजत होती. काकांनी काकींच्या शिवणाच्या डब्यातलं राखाडी कापड काढलं, घाईने गाडीला कव्हर शिवलं आणि ती तशीच गेटात उभी केली.

विलास त्या वर्षी आणखी मोकळा हसला. "कव्हरखाली काय, कोणाची पण असेल."

त्या रात्री काकांनी कोणत्याही ब्रशला फाशी दिली नाही. मला त्याचीच भीती वाटली. मी विचारलं, "सोडून देताय का?" ते म्हणाले, "सुमन त्या बॉनेटवरून गेली. मी सोडून देणार नाही." शुद्ध मराठीत.

मग मीच म्हटलं, "काका, तुम्ही पावसात रंगवता, वाळणार कसं? मे महिन्यात रंगवा ना." गणपतीचं काम मे महिन्यात करायचं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. खरं सांगायचं तर दोन वर्षं माझ्याही नाही. ते म्हणाले, "बाप्पाक राग येयत?" मी म्हटलं, "त्यांना सांगा कशासाठी करताय ते."

त्या उन्हाळ्यात काकांनी एकही गोष्ट घाईने केली नाही. एक पातळ हात द्यायचा, गाडी तांदळाच्या रिकाम्या डब्यात झाकून ठेवायची, पूर्ण वाळली की पुढचा हात. डब्याला नाक लावून ते वास घ्यायचे. वास येतोय म्हणजे रंग ओला. मधल्या काळात माझ्या स्वैपाकाच्या वेळा त्यांनी विचारून घेतल्या आणि बांगड्यांच्या दिवशी गाडी कपाटात गेली. मागच्या बंपरचा ओरखडा केला. मागच्या काचेवरचं 'आईची कृपा' हे स्टिकर केलं. पुढे लिंबू-मिरची टांगली, तिच्यात मिरच्यासुद्धा विलासच्या होत्या तेवढ्याच. जून उजाडायच्या आत गाडी तयार झाली. मी ती हातात घेतली आणि पटकन खाली ठेवली. ती गाडी बघून मला शिसारी आली, इतकी ती खरी होती.

तिसऱ्या वर्षीच्या गणपतीत दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीला खोली भरली होती. आलेला प्रत्येक जण वाकून आरास बघत होता. तळमजल्यावरच्या तावडे आजी म्हणाल्या, "अगो बाय, ही तर..." आणि पदर तोंडाशी धरून थांबल्या. तेवढ्यात विलास आला. माणसांनी त्याला पुढे वाट करून दिली. एरवी देतात त्यापेक्षा जरा जास्तच.

तो वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला. काका समईत तेल घालत होते, त्यांनी वळूनही बघितलं नाही. मी विलासच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो हसायला गेला, पण त्याला हसण्यासाठी काही सापडेना. रंग चुकला नव्हता. ओरखडा चुकला नव्हता. मग त्याला एक चूक सापडली, आणि ती सापडल्याच्या आनंदात तो बोलून गेला.

"काका, एवढी चिकटून नव्हती गेटला. माणूस जाईल एवढी जागा सोडली होती मी."

विलासलाही आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण त्याने आजूबाजूला बघितलं. तिथे चादर धरणारे सगळे होते. त्यांतला एकही जण आता खाली बघत नव्हता.

काका वळले. आवाज अगदी शांत. "किती जागा होती?"

"काका, मी ते..."

"तू सांगतोस ते बरोबर असेल. मी घाईत होतो. तुझ्या हाताने सरकव. होती तशी ठेव."

विलासने गाडी सरकवली. अंगठ्याच्या रुंदीएवढी. काकांनी अँब्युलन्सचं मागचं दार नखाने उघडलं, आतून छोटं स्ट्रेचर काढलं आणि विलासच्या तळहातावर ठेवलं. "त्याच मापात केलेलं आहे. आता हे आत ने."

विलासने स्ट्रेचर फटीशी नेलं. ते अडकलं. त्याने पुन्हा जरा वळवून बघितलं, पुन्हा अडकलं. मग त्याने ते कडेवर उभं केलं.

"तिरकं करू नकोस," काका म्हणाले. "त्यावर माणूस असतं."

विलासचा हात तिथेच राहिला.

"उभा माणूस जात होता रे," काका म्हणाले. "ती उभी नव्हती."

विलास खाली बसला, पाटावर नाही, तिथेच लादीवर. काकांनी टाळ उचलले आणि आरती सुरू केली. आरती संपल्यावर सगळ्यांबरोबर त्याच्याही हातावर प्रसाद ठेवला, सगळ्यांना दिला तेवढाच.

त्यानंतर विलासने सेक्रेटरीपद सोडलं. एकदा तो काकांकडे येऊन रडला, माफी मागितली, म्हणाला की गाडी लावून समोर जरा चहा प्यायला गेलो होतो, फोन खिशात सायलेंटवर होता, मग घाबरलो. काकांनी ऐकून घेतलं. माफ केलं का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "माफ कित्याक? माका त्याचा रडणा नको होता. माका त्याच्या तोंडातला 'मी' व्हया होता. ता गावला." मला हे बरं वाटलं. काकांनी त्याला जवळ घेतलं असतं तर मी काकांशी अबोला धरला असता.

त्याआधी, त्याच गणपतीच्या पाचव्या दिवशी, विसर्जनाला निघताना, काकांनी आरासीतली गाडी उचलली आणि जिन्यात विलासच्या हातात दिली. "ही तुझी. शोकेसमध्ये ठेव. येणाऱ्याजाणाऱ्याक दिसाक व्हयी."

विलास कसाबसा म्हणाला, "काका, नका ना देऊ."

काका कित्येक महिन्यांनी हसले. "टाकून दिलंस तरी चालात. दुसरी करतलंय. रंग आता माका जमलो."

काका गेल्या वर्षी झोपेतच गेले. खांदा द्यायला विलास होता, त्याला कोणी अडवलं नाही. मीही नाही. पण त्याच्या घरच्या गणपतीला मी न चुकता जाते. मूर्तीला हात जोडायच्या आधी मी शोकेसकडे बघते. गाडी तिथेच असते, काचेआड, धूळ पुसलेली. मी बघतेय हे विलास बघतो आणि प्रसादाची वाटी पुढे करून विचारतो, "ताई, घेताय ना?"

घेते. गाडी तिथे असेपर्यंत घेणार.